धाकट्याचं पार्क, थोरल्याचं पार्क

"एवढाच?"

डिस्नेलँडचा किल्ला पहिल्यांदा समोर आला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले. आमचं घर साताऱ्यातलं, गच्चीवर गेलं की अजिंक्यतारा दिसतो. त्यामुळे किल्ला म्हटल्यावर त्यांच्या अपेक्षा जरा जास्तच असतात. सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर भव्य दिसणारा किल्ला इथे जेमतेम ७७ फूट निघाला. वरच्या विटा खालच्यांपेक्षा लहान ठेवल्यामुळे तो आहे त्यापेक्षा उंच भासतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. "म्हणजे फसवलंय," बाबा म्हणाले आणि पुढे चालू लागले.

मी नोकरीसाठी लॉस एंजेलिसजवळ राहते. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, फ्लोरिडात टँपाला असतो. आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. आधी दोन आठवडे माझ्याकडे, मग आम्ही तिघं दादाकडे. माझ्या घराजवळ डिस्नेलँड, त्याच्या घराजवळ मॅजिक किंगडम. दादा फोनवर म्हणाला, "तिकडचं पाहिलंत ना? मग इकडे पैसे कशाला घालवायचे? तेच आहे."

नकाशे शेजारी ठेवले तर तेच वाटतं. दारातून आत गेलं की जुन्या अमेरिकन गावातला रस्ता, रस्त्याच्या टोकाला किल्ला, किल्ल्याभोवती परीकथा, जंगल, काउबॉय आणि भविष्यकाळ यांचे वेगवेगळे विभाग. पण मला प्रवासाआधी वाचत बसायची खोड आहे. वाचता वाचता लक्षात आलं की या पार्कांना बहिणी म्हणत असले तरी गोष्ट दोन भावांची आहे.

कॅलिफोर्नियातलं पार्क धाकट्याचं. वॉल्ट डिस्नेने अनाहाइम गावातली सुमारे १६० एकर जमीन घेतली. तिथे संत्र्याच्या बागा होत्या. जुलै १९५४ मध्ये काम सुरू झालं आणि १७ जुलै १९५५ ला उद्घाटन. एका वर्षात सगळं! खर्च १ कोटी ७० लाख डॉलर. उद्घाटनाचं टीव्हीवर थेट प्रक्षेपण होतं आणि सूत्रसंचालकांपैकी एक होते रोनाल्ड रेगन, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले तेच. दिवस मात्र पार फसला. खोट्या तिकिटांवर माणसं आत आली. उन्हाने ताजं डांबर मऊ होऊन बायकांच्या बुटांच्या टाचा रुतल्या. प्लंबरच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि संडास यांतलं एकच वेळेत पूर्ण होणार होतं. वॉल्टने संडास निवडले.

हे ऐकून बाबा पहिल्यांदा मनापासून हसले. "व्यवहार कळत होता म्हणायचं!"

त्या पार्कमध्ये वॉल्ट खरोखर राहिलेला आहे. दारातून आत गेल्यावर डावीकडे अग्निशमन केंद्राची छोटी इमारत आहे, तिच्या वरच्या मजल्यावर त्याची खोली होती. तिच्या खिडकीत त्याच्या आठवणीत अजून एक दिवा लावलेला असतो. पुढे रस्त्यावरच्या एका खिडकीवर त्याच्या वडिलांचं, इलियस डिस्ने यांचं नाव आहे. व्यवसाय : कंत्राटदार, स्थापना १८९५. दुकानाची पाटी असावी तशी. बाबा त्या पाटीखाली बराच वेळ थांबले. ते स्वतः छापखानेवाले, त्यामुळे मला वाटलं अक्षरांचं वळण बघतायत.

पण या पार्कसाठी पैसे आणले कोणी?

वॉल्टपेक्षा आठ वर्षांनी मोठा असलेल्या रॉयने. धाकटेपणी दोघांनी कॅन्सस सिटीत वडिलांच्या हाताखाली घरोघरी वर्तमानपत्रं टाकली. १९२३ मध्ये रॉय क्षयरोगामुळे लॉस एंजेलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात होता. कार्टूनच्या मालिकेचं काम मिळाल्याची बातमी घेऊन वॉल्ट तिथे आला आणि रॉय अंथरुणातून उठून त्याच्यासोबत गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोघांचा स्टुडिओ सुरू झाला. नाव 'डिस्ने ब्रदर्स'. तीनेक वर्षांनी त्यातले 'ब्रदर्स' गेले आणि पाटीवर फक्त वॉल्ट उरला. रॉय हिशेब बघत राहिला.

डिस्नेलँडची कल्पना रॉयला सुरुवातीला परवडणारी वाटली नव्हती. सिनेमाची कंपनी पाळणे कशाला चालवेल? वॉल्टने स्वतःच्या आयुर्विम्यावर कर्ज काढलं. शेवटी सप्टेंबर १९५३ मध्ये हर्ब रायमन या चित्रकाराने शनिवार-रविवार बसून, वॉल्ट सांगेल तसं, पार्कचं एक मोठं चित्र काढलं. ते चित्र घेऊन न्यूयॉर्कला गेला तो रॉय. एबीसी या टीव्ही कंपनीने पाच लाख डॉलर गुंतवले आणि ४५ लाखांच्या कर्जाची हमी घेतली. ज्या गोष्टीला थोरल्याचा विरोध होता, तिच्यासाठी दारोदार जाण्याचं कामही थोरल्यानेच केलं.

इथे मला आमच्या घराबद्दल सांगायला हवं.

आमचा छापखाना बाबांच्या डोक्यातून निघाला. अण्णाकाका त्यांचे थोरले भाऊ. बँकेतली कारकुनी सोडून ते छापखान्याच्या गल्ल्यावर येऊन बसले, कारण बाबांना हिशेब जमत नव्हता आणि उधारी मागायची लाज वाटायची. पाटीवर नाव बाबांचं. लग्नपत्रिका, बिलबुकं, सहकारी संस्थांचे अहवाल, सगळं बाबा छापायचे आणि पैसे अण्णाकाका वसूल करायचे. मी शाळेत असताना बाबांनी ऑफसेट मशीन घ्यायचं ठरवलं. अण्णाकाका 'नाही' म्हणाले. चारेक महिने एका घरात, एका पंगतीला बसून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. निरोप आमच्यामार्फत जायचे. मग एक दिवस मशीन आलं. कर्जाला तारण म्हणून अण्णाकाकांनी स्वतःच्या वाट्याची जमीन ठेवली होती, हे आम्हाला खूप नंतर कळलं. काका जाऊन आता सहा वर्षं झाली. छापखाना बाबांनी दुसऱ्याला चालवायला दिलाय.

डिस्ने भावांमध्येही असा अबोला झाला होता. वॉल्टच्या खासगी कंपनीला मूळ कंपनीने किती द्यायचं, यावरून ते इतके भांडले की बोलणं बंद झालं. समेट झाल्यावर वॉल्टने रॉयला त्याच्या वाढदिवशी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा शांततेचा पाइप भेट दिला. हे मी विमानात बाबांना वाचून दाखवलं. ते खिडकीबाहेर बघत होते. ऐकलं की नाही कळलं नाही.

फ्लोरिडात पोचलो तर सगळंच वेगळं. अनाहाइममध्ये आम्ही पार्कच्या दारासमोरच्याच मोटेलमध्ये राहिलो होतो, रस्ता ओलांडला की आत. वॉल्टला नेमका याचाच त्रास व्हायचा. डिस्नेलँड चालायला लागल्यावर चारी बाजूंनी मोटेलं आणि दुकानं उभी राहिली. गर्दी त्याने जमवली, कमाई शेजाऱ्यांची, आणि विस्ताराला जागा उरली नाही. म्हणून फ्लोरिडात १९६४-६५ मध्ये गुपचूप, वेगवेगळ्या बनावट कंपन्यांच्या नावांनी जमीन घेतली गेली. दलदल, झुडपं, गुरांची कुरणं मिळून सुमारे २७ हजार एकर. एकराला सरासरी दोनशे डॉलरच्या आसपास. ऑक्टोबर १९६५ मध्ये ऑर्लँडोच्या वर्तमानपत्राने खरा ग्राहक कोण ते छापलं आणि भाव गगनाला भिडले. ज्यांनी आधी विकली ते हात चोळत बसले. आपल्याकडे विमानतळाची नाहीतर महामार्गाची बातमी फुटण्याआधी जे होतं, त्यातलाच हा प्रकार. स्वप्नांच्या कंपनीबद्दल बोलताना हा भाग सहसा गाळला जातो.

वॉल्टला तिथे केवळ पार्क नको होतं. वीस हजार माणसांचं भविष्यातलं शहर वसवायचं होतं. त्याबद्दलची फिल्म त्याने ऑक्टोबर १९६६ मध्ये चित्रित केली आणि १५ डिसेंबरला फुप्फुसाच्या कॅन्सरने तो गेला. ६५ वर्षांचा होता. फ्लोरिडात तेव्हा एक वीटही रचलेली नव्हती.

रॉय तेव्हा ७३ वर्षांचा. निवृत्तीच्या बेतात होता. त्याने निवृत्ती पुढे ढकलली. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाच्या विधिमंडळाकडून कंपनीच्या जमिनीसाठी वेगळा जिल्हा मंजूर करून घेतला. रस्ते, सांडपाणी, बांधकामाचे नियम, अग्निशमन, सगळं तो जिल्हा बघणार, म्हणजे व्यवहारात कंपनीच. हे कंपनीचं राज्य पन्नासहून जास्त वर्षं टिकलं. २०२३ मध्ये राज्य सरकारने त्याचा कारभार स्वतःकडे घेतला. शहराची योजना मात्र रॉयने बाजूला ठेवली. जे पेलवेल तेच बांधलं. १ ऑक्टोबर १९७१ ला मॅजिक किंगडम उघडलं. खर्च सुमारे ४० कोटी डॉलर.

तिथे फिरताना हिशेबी माणसाचा हात पदोपदी जाणवतो. किल्ला १८९ फुटांचा, डिस्नेलँडच्या अडीचपट. रस्ते रुंद, कारण गर्दी किती होते हे आता ठाऊक होतं. आणि सगळ्यात मोठा फरक दिसतच नाही. डिस्नेलँडमध्ये काउबॉयच्या वेशातला कर्मचारी भविष्यकाळाच्या विभागातून चालत जाताना पाहून वॉल्ट वैतागला होता, असं सांगतात. फ्लोरिडात त्यावर उपाय केला. भूजल वरच असल्यामुळे खणता येत नव्हतं, म्हणून बोगदे जमिनीवर बांधले. समोरचा तलाव करताना निघालेली माती त्यांच्याभोवती घातली आणि पार्क त्यावर उभं केलं. म्हणजे आपण पाहुणे चालतो तो पहिला मजला. कर्मचारी, माल, कचरा, कपडे, सगळी धावपळ तळमजल्यावर.

'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'ची राइड दोन्हीकडे आहे. डिस्नेलँडमधली पंधरा मिनिटांच्या आसपास चालते, फ्लोरिडातली निम्म्यात संपते. तिथे ती मुळात नव्हतीच. खरा कॅरिबियन समुद्र जवळ असताना खोट्या चाच्यांचं कौतुक कोणाला, असा विचार होता. लोक विचारायला लागले तेव्हा १९७३ मध्ये घाईने बांधली. आईला तीच जास्त आवडली. "बरं झालं, लवकर आटोपलं."

आगगाडीतही बसलो. मेक्सिकोतून आणलेली चार जुनी वाफेची इंजिनं तिथे आहेत. एकाला नाव वॉल्टरचं. आम्हाला मिळालं ते सगळ्यात लहान, १९१६ सालचं. त्याच्यावर लिहिलं होतं रॉय ओ. डिस्ने.

"हा कोण?" बाबांनी विचारलं. म्हणजे विमानात त्यांनी ऐकलं नव्हतं.

"थोरला भाऊ."

गाडीतून उतरून चौकात आलो. किल्ल्यासमोर वॉल्टचा पुतळा आहे, मिकीचा हात धरून उभा, दुसरा हात पुढे केलेला. तसाच डिस्नेलँडमध्येही आहे. त्याच्यासमोर फोटोसाठी झुंबड होती. रॉयचा पुतळा दाराजवळच्या चौकात, बाकावर बसलेला, शेजारी मिनी. मी बाबांना सांगितलं की या सगळ्या जागेला नुसतं 'डिस्ने वर्ल्ड' म्हणायचं होतं. रॉयने आग्रह धरला, 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' म्हणा. हे स्वप्न कोणाचं होतं ते लोकांना कळलं पाहिजे. आणि पार्क उघडल्यावर तीन महिन्यांच्या आत, २० डिसेंबर १९७१ ला, रॉयही गेला.

बाबा बाकासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "अण्णा असाच बसायचा. स्टुलाच्या कडेवर. गिऱ्हाईक आलं की उठायला बरं."

दादा आमच्या मागेच उभा होता. काही बोलला नाही.

रात्री जेवताना बाबांनी एकदम विचारलं, "पाटीवर अण्णाचं नाव घालायला हवं होतं, नाही रे?"

दादाने आमटी वाढून घेतली. "बाबांना मी विचारलं होतं एकदा. ते म्हणाले, लोक पाटी वाचायला येत नाहीत, पत्रिका छापायला येतात."

"त्याला वाईट वाटायचं का?"

"वाटत असेल, काका. सांगितलं नाही कधी."

आई म्हणाली, भात घ्या. विषय तिथेच थांबला.

दोन पार्कांतलं चांगलं कुठलं, असं आता मैत्रिणी विचारतात. राइडसाठी डिस्नेलँड, निवांत फिरायला फ्लोरिडा, असं मी सांगते. खरं उत्तर जरा लांबलचक आहे. वॉल्टशिवाय दोन्ही झाली नसती. पण रॉय नसता तर पहिलं कागदावर राहिलं असतं आणि दुसरं दलदलीत. तरी जगभरची मुलं एकाच भावाचं नाव घेतात, आणि तसं व्हावं ही व्यवस्था खुद्द दुसऱ्याने करून ठेवलीय. त्याला त्याग म्हणावं, प्रेम म्हणावं की हिशेबी माणसाचा शेवटचा हिशेब, हे मला ठरवता येत नाही. वॉल्टचं नाव विकलं जातं हे रॉयइतकं नीट कोणाला माहीत असणार?

साताऱ्याला परतल्यावर बाबांनी एक दिवस छापखान्याचा माळा काढला. मला व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला. आमचंच जुनं पावतीपुस्तक. वर ठळक अक्षरात बाबांचं नाव. खाली, पैसे मिळाल्याची सही, अण्णाकाकांची. मग दुसरा फोटो आला, तिसरा आला. बाबा एकेक पान उलटून पाठवत होते. सगळ्यांवर तीच सही.