पीएमएसई विकार : सिरोलिमस उपचाराची चाचणी

गरोदरपणी गर्भजल फाजील वाढणे, बाळाचा मेंदू प्रमाणाबाहेर मोठा असणे आणि तान्हेपणीच सुरू होणारे, औषधांना दाद न देणारे अपस्माराचे झटके ही पीएमएसई या दुर्मिळ आनुवंशिक विकाराची मुख्य लक्षणे. बौद्धिक वाढही गंभीरपणे खुंटते. अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यातील जुन्या वळणाच्या मेनोनाइट समाजात हा विकार प्रथम ओळखला गेला. थोड्या मूळ कुटुंबांपासून वाढलेल्या या समाजात आईवडील दोघेही एकाच सदोष जनुकाचे वाहक असण्याचा संभव जास्त असतो.

या विकारामागच्या जनुकाचा शोध त्याच राज्यातील स्ट्रासबर्ग गावच्या ‘क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन’ या संस्थेतील संशोधकांनी लावला (२००७). दूरच्या नात्यातील सात बाधित मुलांच्या जनुकीय नकाशांची नेहमीची तुलना निष्फळ ठरली. मात्र सर्वांत एकच खूणबिंदू गायब असल्याचे बारकाईने पाहता लक्षात आले. तेथे स्ट्राडा जनुकाचा मोठा तुकडा गळालेला होता. स्ट्राडा प्रथिन एलकेबी१ या प्रथिनाच्या साथीने पेशीवाढ चालवणाऱ्या एमटॉर यंत्रणेला लगाम घालते. लगाम सुटला की चेतापेशी अवाजवी फुगतात आणि गर्भावस्थेतच आपल्या ठरलेल्या थरापर्यंत पोचत नाहीत.

एमटॉरला रोखणारे औषध मात्र आधीच हाताशी होते. ईस्टर बेटावरच्या मातीतील जिवाणूपासून मिळालेले रॅपामायसिन, म्हणजेच सिरोलिमस, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून १९९९ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त होते. उंदरांच्या गर्भात स्ट्राडा दाबल्यावर बिघडलेले चेतापेशींचे स्थलांतर या औषधाने सावरले. पुढे हा विकार असलेल्या पाच मुलांना ते देण्यात आले. झटके कमी झाले, ऐकलेले बोलणे समजण्याची क्षमता सुधारली आणि औषधाचे गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत. हे निष्कर्ष २०१३ मध्ये ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले.

पाच हा आकडा कोणत्याही चाचणीला तोकडाच. इतक्या विरळ आजारात चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना नुसती साखरेची गोळी देण्याइतके रुग्णच मिळत नाहीत. या निष्कर्षाचे बळ म्हणूनच संख्येपेक्षा साखळीत आहे : जनुक, यंत्रणा, प्राणिप्रयोग आणि रुग्ण या चारही कड्या एकाच दिशेला बोट दाखवतात. सिरोलिमस प्रतिकारशक्तीही दाबते. त्यामुळे संसर्गावर नजर आणि रक्तातील औषधपातळीची तपासणी आवश्यक असते. शिवाय जनुकातील दोष औषधाने दुरुस्त होत नाही, आणि गर्भातच चुकीच्या जागी स्थिरावलेल्या पेशी जन्मानंतरच्या उपचाराने जागेवर येतील अशी अपेक्षा धरता येत नाही.