ओल, वारा आणि मुलांचा श्वास

शेणव्याचा पाऊस आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेला आहे. जूनमध्ये एकदा सुरू झाला की कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, पेटीतल्या पुस्तकांना कुबट वास येतो. याच शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचं पाणी मुंबई पिते. तेव्हा ओल ही इथल्या घरांची जुनी सोबतीण. प्रश्न एवढाच, की ती घरातून बाहेर जायची कशी? आज आपण घराचा इतिहास या एकाच प्रश्नाभोवती पाहू.

जुनं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, वर माती आणि शेणाचा गिलावा. भिंत आणि छप्पर यांच्यात फट असे. चूल पेटली की तिच्या उबेनं छप्पर सुकत असे आणि ओल फटीतून निघून जाई. पण म्हणून जुनं ते सोनं, असं आम्ही म्हणणार नाही. तोच धूर चुलीपुढच्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या लेकराच्या छातीत जात होता.

आता मुंबईकडे वळू. १८९६ साली मांडवी भागात प्लेग सुरू झाला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांवर ठपका आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. खोलीत उजेड आणि वारा यावा म्हणून समोरच्या इमारतीच्या उंचीला ६३.५ अंशांच्या कोनाची मर्यादा घालण्याचा नियम ट्रस्टनं आणला. गंमत अशी, की प्लेग कोंदट हवेनं होत नव्हता. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी त्याच १८९८ साली कराचीत दाखवलं. म्हणजे कारण चुकीचं, पण नियम चांगला! इतिहासात असं पुष्कळदा होतं.

पुढे १९०२. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरनं हवेतली ओल काबूत ठेवणारी यंत्रणा आखली. म्हणजे बघा, एसी जन्मला तो माणसासाठी नव्हे, कागदासाठी. आणि थंडाव्यापेक्षा कोरडेपणासाठी.

आपण मात्र त्याला थंडाव्याचं यंत्र समजून बसलो. घरातला साधा एसी बाहेरची ताजी हवा सहसा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. हवेतली ओल आतल्या गार नळ्यांवर पाणी होऊन साचते. ते नीट वाहून गेलं नाही, जाळी धुतली नाही, तर बुरशी तिथंच घर करते. बुरशीचे बीजाणू तर सगळीकडे असतात, त्यांना हवी असते फक्त ओल.

गावातही आता कुड जाऊन सिमेंटच्या भिंती आणि स्लॅब आला. चांगलंच झालं, साप-विंचवाची भीती कमी झाली. पण स्लॅब गळतो, भिंतीला काळे डाग पडतात, आणि आपण त्यावर चुना मारून कपाट सरकवतो. मूल रात्री खोकतं, तर आपण म्हणतो, पाऊस आहे, चालायचंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली ओल आणि बुरशीवर मार्गदर्शिका काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, धाप, दमा यांचा त्रास जास्त होतो, हे तिनं नोंदवलं. मूल वजनाच्या मानानं मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं, आणि खोली निवडणं काही त्याच्या हाती नसतं.

तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही मुलांना सांगायचो, लक्षण आणि कारण यांत गल्लत करू नका. डाग हे लक्षण आहे, कारण आहे गळती. आधी गळती काढा. उघडीप मिळाली की खिडक्या उघडा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, जाळी धुवा. आणि मूल वारंवार धापा टाकत असेल, तर आधी डॉक्टरांकडे न्या आणि मग घरी येऊन त्याच्या उशामागची भिंत हात लावून पाहा. कुडाच्या घरात जी फट आपोआप होती, ती आता आपल्याला आठवणीनं ठेवावी लागेल.