सर्पदंशानंतर रक्त साकळत नाही तेव्हा...

कोकणात फुरसे चावले की दंशाच्या जागी वेदना व सूज येते. खरा धोका मात्र बरेचदा काही तासांनी उघड होतो. हिरड्यांतून रक्त झिरपू लागते, दंशाची बारीकशी जखम वाहतच राहते, लघवी लाल होते. अशा वेळी नातेवाईक साहजिकच रक्ताच्या पिशव्यांसाठी धावाधाव करतात. परंतु या रक्तस्रावावरील मूळ उपाय रक्त नव्हे, तर प्रतिविष होय.

विष काय करते?

भारतातील बहुतांश सर्पदंश-मृत्यूंना नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार साप कारणीभूत मानले जातात. पैकी नाग व मण्यार यांचे विष प्रामुख्याने मज्जासंस्थेवर, तर घोणस व फुरसे यांचे रक्तावर आघात करते. घोणशीचे विष रक्त साकळण्याच्या साखळीतील पाचवा व दहावा घटक, तर फुरशाचे विष प्रोथ्रॉम्बिन हा घटक कार्यान्वित करते. विषामुळे ही प्रक्रिया शरीरभर एकदम सुरू होते. त्यात फायब्रिनोजेन हे प्रथिन खर्ची पडते आणि जखम बुजवण्यास ते उरतच नाही. याच गुणधर्माचा उपयोग करून १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये मॅकफर्लेन व बार्नेट यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमांवर घोणशीचे विरल विष लावून रक्तस्राव थांबविण्याचे प्रयोग केले होते.

वीस मिनिटांची चाचणी

निदानासाठी महागडे यंत्र लागत नाही. शिरेतून काढलेले २ मिलीलिटर रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदाच कलती करायची. रक्त पातळच राहिले, तर विषबाधा झाली असे समजून प्रतिविष सुरू केले जाते. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निष्कर्ष चुकू शकतो. पहिली चाचणी सामान्य आली तरी रुग्णाला लगेच घरी सोडता येत नाही, कारण विषाचा परिणाम उशिराही दिसू शकतो.

उपचार

प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून तयार होते आणि भारतात मिळणारे प्रतिविष वरील चारही सापांवर चालते. सुरुवातीस साधारणतः ८ ते १० कुप्या सलाइनमधून शिरेवाटे देतात. लहान मुलांनाही मात्रा तेवढीच असते, कारण साप मुलाला कमी विष टोचत नाही. ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया उमटू शकत असल्याने ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाताशी भरून ठेवावे लागते. यकृताला नवे घटक तयार करण्यास वेळ लागतो, म्हणून सहा तासांनी चाचणी पुन्हा करतात. रक्त अजूनही साकळत नसेल, तर प्रतिविष पुन्हा देतात. विष निष्प्रभ न करता केवळ रक्त वा प्लाझ्मा चढवला, तर त्यातील घटकही विष खर्ची पाडते. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसची वेळ येऊ शकते.

हे टाळा

जखम कापणे किंवा चोखणे, दोरी आवळून बांधणे आणि स्नायूत इंजेक्शन देणे टाळावे. रक्त साकळत नसताना कापलेली जखम थांबता थांबत नाही. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णाला शांतपणे, पण विनाविलंब प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे गेलेले तास परत मिळत नाहीत.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते गाठायचे, तर प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात प्रतिविषाच्या कुप्या आणि काचेची एक स्वच्छ नळी असलीच पाहिजे.