शवासन, कल्पना आणि मज्जातंतु

स्वस्थ पडणें ही आळशाची चैन, असा सर्वसाधारण समज आहे. योगशास्त्राचें मत निराळें. स्वात्मारामाच्या ‘हठयोगप्रदीपिके’त प्रेतवत् उताणें निजण्याची गणना आसनांतच केलेली असून, त्यानें श्रम हरतात व चित्त विसावतें असें सांगितलें आहे. ही विश्रांति शरीरांत नेमकी कोठें घडते, याचा शोध मात्र विसाव्या शतकाचा.

या शोधास महाराष्ट्रांत अनुकूल भूमि तयार केली ती जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनीं. सन १९२४ मध्यें त्यांनीं लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापून योगक्रियांचा शास्त्रीय अभ्यास चालविला. १९२७ मध्यें प्रकृति ढासळली असतां महात्मा गांधींनीं आसनांविषयीं त्यांचाच सल्ला घेतला. हेच गांधी १९३६ मध्यें शेगांवीं, म्हणजे पुढच्या सेवाग्रामीं, राहावयास आले. तेव्हां वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या रहिवाशांस हा विषय अगदींच परका वाटूं नये.

१९३० च्या सुमारास शिकागो येथें एडमंड जेकबसन यांनीं स्नायूंतील सूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजले. निश्चल पडलेल्या मनुष्यास हात वांकविण्याची केवळ कल्पना करावयास सांगतांच त्या हाताच्या स्नायूंत प्रवाह दिसूं लागे. कल्पना सोडून स्नायु सैल करतांच तो मावळे. मेंदूची आज्ञा पृष्ठरज्जूंतील पेशींकडे व तेथून गतिवाहक मज्जातंतूंच्या द्वारें स्नायूंकडे जाते. कल्पनेनें हा मार्ग अर्धवट जागा होतो. खऱ्या शिथिलतेनें तो शांत होतो.

१९९२ मध्यें अमेरिकेंत यू व कोल यांनीं करंगळीच्या बळावर प्रयोग केला. चार आठवडे प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांचें बळ सुमारें ३० टक्के वाढलें. केवळ मनांत व्यायाम करणाऱ्यांचें सुमारें २२ टक्के. या दुसऱ्यांचे स्नायु तर स्वस्थच होते. अर्थात् कल्पनेचा प्रवाह प्रत्येक वेळीं स्नायूपर्यंत पोंचतोच असें नाहीं. सुधारणा झाली ती मेंदूच्या आज्ञा देण्याच्या कौशल्यांत.

शिथिलतेचा पडताळा मुंबईस मिळाला. डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनीं रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून १९६९ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध न घेणाऱ्या रुग्णांचा दाब सरासरीनें उतरला. ज्यांचा दाब औषधानें आटोक्यांत होता, त्यांपैकीं पुष्कळांची मात्रा कमी करतां आली.

पक्षाघातानें ज्याचा हात लुळा पडला आहे, त्याच्या घरीं या दोन्ही गोष्टींचें मोल विशेष आहे. आंखडलेला स्नायु सैल सोडावयास शिकणें, आणि न उठणारा हात मनांत पुनःपुन्हां उचलून पाहणें, हा वेडा नाद नव्हे. तथापि कल्पनेनें औषधाची किंवा प्रत्यक्ष हालचालीची जागा घेऊं नये. वैद्याच्या देखरेखीखालीं ती त्यांच्या जोडीला असावी. तसेंच विश्रांति ही आयती मिळत नाहीं. इतर कोणत्याही विद्येप्रमाणें तीहि नित्य अभ्यासानेंच साधावी लागते.