तो पत्ता जुहूचा

नातवाच्या नादाने मी सध्या एका प्रोग्रॅमशी खेळते आहे. नाव स्मॉलपीटी. केव्हिन बीसन यांनी 2008 मध्ये लिहिलेला, सी प्लस प्लसमधला, अवघ्या 99 ओळींचा. खोली, दोन गोळे (एक आरशाचा, एक काचेचा) आणि वर दिवा, एवढे त्याला ठाऊक. मग चित्राच्या 7,86,432 बिंदूंवर किती उजेड पडेल ते तो मोजत बसतो.

मंडळी, तो आयता मिळत नाही. मूळ मजकूर घ्यायचा आणि कंपायलरकडून आपल्या यंत्रासाठी बांधून घ्यायचा. माझ्या लिनक्सवर एका आज्ञेत काम झाले. त्यातले यादृच्छिक आकडे काढणारे ‘इरँड48’ मात्र युनिक्स घराण्यातले. दुसऱ्या घरी ते आपणच लिहून द्यायचे: मागच्या संख्येला एका ठरलेल्या संख्येने गुणा, 11 मिळवा, शेवटचे 48 बिट ठेवा. आमच्या सातवीच्या पोरांनाही जमले असते!

पण मी पडले इतिहासाची बाई. हे सुचले कुणाला?

1980 मध्ये टर्नर व्हिटेड यांनी आरसा आणि काच साधली. पण मंगळवेढ्यातल्या जुन्या वाड्याचे माजघर डोळ्यांपुढे आणा. ऊन तिथे कधीच येत नाही, तरी दुपारी धान्य निवडता येते. अंगणातल्या फरशीवर आपटून, भिंतीला लागून उजेड आत झिरपतो. त्याचा हिशेब व्हिटेडच्या रीतीत नव्हता. तो 1986 मध्ये जेम्स काजिया यांनी एका समीकरणात मांडला: एखाद्या जागेचा उजेड म्हणजे तिचा स्वतःचा, अधिक चहूकडून येऊन तिथून परतणारा. सगळ्या वाटा मोजणे अशक्य, म्हणून काही वाटा चिठ्ठ्या टाकून निवडायच्या. हीच पाथ ट्रेसिंगची रीत. वाटा कमी घेतल्या तर चित्रात रवा दिसतो. तो निम्मा करायला वाटा चौपट लागतात.

गंमत म्हणजे या प्रोग्रॅममध्ये किरण डोळ्यातून निघतो आणि दिवा शोधत जातो. आपले नैयायिकही डोळ्याचे तेज वस्तूपर्यंत जाते असेच मानत. (म्हणून त्यांनी संगणक शोधला असे कृपया कुणी लिहू नये.)

नातू म्हणाला, “आजी, हे सगळं अमेरिकेत झालं.” सगळे नाही, बाळा. मुंबईत जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही सरकारी संस्था होती, 1985 ची. तिथे सुमंत पटनाईक आणि एस. पी. मुदूर यांनी 1992 मध्ये दिव्यातून उजेडाचे कण सोडून तोच हिशेब करून दाखवला. 1993 मध्ये ते आणखी पुढे गेले. इथून निघालेला उजेड आपल्याला हव्या त्या जागी किती पोचेल, याचेही एक समीकरण आहे, आणि ते पहिल्याचे जोडीदार आहे, असे त्यांनी मांडले. दिव्याकडून मोजा की डोळ्याकडून, उत्तर एकच.

पुढे पटनाईक फ्लोरिडात आणि मुदूर माँट्रियलला प्राध्यापक झाले. संस्था 2003 मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिची पाटी आता नाही, पण त्या निबंधांवर पत्ता मुंबईचाच आहे. नातवाला तेवढा छापून दिला आहे.