मुरगावचा किल्ला आणि हुबळीची वाट

धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची भव्य इमारत मुळात कॉलेजसाठी बांधलेली नाही. ते ‘सदर्न मराठा रेल्वे’चे मुख्यालय होते, हे तिथे शिकलेल्या अनेक गोमंतकीयांनाही ठाऊक नसते. मुरगावच्या किल्ल्याची गोष्ट सांगताना मला धारवाडपासून सुरुवात करावी लागते, त्याचे कारण पुढे येईलच.

मागच्या हिवाळ्यात मी सडा भागातून मुरगावच्या टेकडीवर गेलो. जांभ्या दगडाच्या तटाचे काही अवशेष उरले आहेत, बाकी झाडोरा. खाली मात्र बंदराचा पसारा दिसतो: क्रेन, बोटी, रुळांवर उभ्या मालगाड्या आणि त्यापलीकडे वास्को शहर.

किल्ल्याचे काम 1624 मध्ये व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामा याच्या काळात सुरू झाले. हा वास्को द गामाचा पणतू! पुढे नोव्हेंबर 1683 मध्ये संभाजी महाराजांनी जुवे बेटावर धडक दिली. खुद्द व्हाइसरॉय तिथे लढायला गेला आणि कसाबसा जीव वाचवून परतला. जुने गोवे सुरक्षित नाही, हे तेव्हा पोर्तुगिजांना कळून चुकले. तिथे रोगराई होतीच. राजधानीच मुरगावला हलवायचे ठरले, बांधकामे झाली, अठराव्या शतकाच्या आरंभी एक व्हाइसरॉय काही महिने येथे राहिलादेखील. पण राजधानी काही आली नाही. पैसा आणि उत्साह दोन्ही आटले.

मग दीडशेहून अधिक वर्षे हे उत्तम नैसर्गिक बंदर जवळजवळ पडूनच होते. त्याला जाग आणली ती घाटापलीकडच्या कापसाने. हुबळी-धारवाडचा कापूस समुद्रापर्यंत स्वस्तात न्यायचा होता आणि इंग्रजांना जवळची वाट हवी होती. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून मुरगाव बंदर आणि रेल्वे पुढे आली. त्या बदल्यात गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला. इंग्रज वर्षाला चार लाख रुपये देत, पण झळ मिठागरात राबणाऱ्यांना बसली. बारा वर्षांत करार संपला, रूळ मात्र राहिले. 1888 पर्यंत दूधसागरावरून कॅसलरॉकला गाडी पोहोचली. सुमारे 82 किलोमीटरचा हा मार्ग 1902 पासून सदर्न मराठा रेल्वेच चालवू लागली. गोव्याची रेल्वे धारवाडच्या त्या इमारतीतून चालत होती, असे म्हटले तरी चालेल. 1955 च्या आर्थिक नाकेबंदीत ही वाट तुटली, आणि मुक्तीनंतर पुन्हा जोडली गेली.

आज मुरगाव स्टेशन हुबळी विभागात आहे. आता मात्र कापूस जाण्याऐवजी बंदरातून कोळसा वर जातो, कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे. मोलेच्या जंगलातून रूळ दुपदरी करण्याविरुद्ध गोमंतकीय 2020 मध्ये रस्त्यावर उतरले. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घाटातल्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

तट बांधून मुरगावची राजधानी झाली नाही, घाटातल्या रुळांनी मात्र बंदर झाले. मग त्या रुळांवरून काय जावे, आणि त्याची किंमत कोणी मोजावी? 1878 मध्ये मिठागरवाल्याला कोणी विचारले नव्हते. निदान या वेळी गोमंतकीयांनी विचारण्याची वाट पाहिली नाही, हे मला किल्ल्यापेक्षा मोलाचे वाटते.