हातांची आठवण : कलामहर्षी बाबूराव पेंटर

जीर्णोद्धारात देणगीदारांची नावे शिळेवर कोरली जातात. लाकूड तासणारा सुतार मात्र विस्मृतीत जातो. करवीरनगरीतील मेस्त्री घराणे याला अपवाद ठरले. सुतारकाम, लोहारकाम व कोरीवकामात निपुण अशा कृष्णराव मेस्त्री यांच्या पोटी ३ जून १८९० रोजी बाबूराव जन्मले. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविता रंगविता आनंदराव व बाबूराव या बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. आनंदरावांनी कॅमेरा घडविण्याचे काम आरंभिले, पण १९१६ साली ते निवर्तले. विष्णुपंत दामले यांच्या साह्याने बाबूरावांनी तो पुरा केला. तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ झळकला. त्यातील कीचकवध इतका हुबेहूब वठला की प्रेक्षक भिऊन ओरडले, व शेवटी तो भागच कापावा लागला! कारागिराच्या हाताला याहून मोठी दाद ती कोणती?

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव कैलासवासी झाले. कोल्हापुरात खरी कॉर्नर येथे कॅमेऱ्याचा स्मृतिस्तंभ उभा आहे. गेलेल्या भावाचे अपुरे काम त्यांनी तडीस नेले, हीच खरी श्रद्धांजली. मंदिराचेही तसेच असते : एक पिढी पाया घालते, दुसरी कळस चढविते.